हळद आणि दोन खेचरांची माती

दादाचा निरोप आला तेव्हा माझी रात्रपाळी नुकतीच संपली होती. मी नर्स आहे, इंग्लंडमधल्या ब्रॅडफर्डला. इथे सकाळचे आठ, म्हणजे नगरला जेवणाची वेळ. निरोप लांबलचक होता, पण सांगणं एवढंच: पुतणीच्या लग्नात हळद लागणार असेल तर तो आणि वहिनी आदल्या दिवशी मांडवात पाऊल ठेवणार नाहीत. दुसऱ्या दिवशी थेट चर्चमध्ये येतील, मुलीला आशीर्वाद देतील आणि जेवायला न थांबता परततील. हळद, हिरवा चुडा, मंगळसूत्रातले काळे मणी हे सगळं मूर्तिपूजेचं उरलंसुरलं आहे, असं ते आता ज्या मंडळीत जातात तिथल्या पाळकांनी शिकवलं आहे.

हे कळल्यापासून आई गप्प आहे. तिची स्वतःची हळद पाळकांच्या प्रार्थनेने सुरू झाली होती आणि बायकांनी जात्यावर येशूचं नाव गुंफून ओव्या म्हटल्या होत्या. नातीच्या लग्नासाठी तिने सांगलीहून हळकुंडं मागवून ठेवली आहेत. ती आता डब्यात तशीच आहेत.

आमच्या घरच्या ग्रुपवर आठ दिवस दोन्ही बाजूंनी बायबलची वचनं येत राहिली. कुणी निर्गमातलं टाकलं, कुणी गलतीकरांस पत्रातलं. शेवटी सगळे माझ्याकडे वळले. 'तू ख्रिस्ती देशात राहतेस, तिकडे काय करतात ते सांग.'

पहिली गोष्ट, हा ख्रिस्ती देश आहे हे आता मी म्हणू शकत नाही. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ४६.२ टक्के लोकांनी स्वतःला ख्रिस्ती म्हणवलं, आणि हा आकडा पहिल्यांदाच निम्म्याखाली आला. माझ्या वॉर्डात सुईपासून सलाइनपर्यंत बरोबरीने काम करणाऱ्या बहुतेक मैत्रिणी मुसलमान आहेत. नाताळचं झाड मात्र सगळीकडे उभं राहतं. लग्नात पांढरा झगा असतो, केक कापला जातो. रीत शाबूत राहून आतला विश्वास निघून जाऊ शकतो, हे मी इथे रोज पाहते. त्यामुळे 'तिकडे काय करतात' हा मापदंड मी कुणाला देणार नाही.

दुसरी गोष्ट माझ्या स्वतःच्या हाताची. आमच्याकडे कोपराखाली काही घालायचं नाही असा नियम आहे. घड्याळ नाही, बांगड्या नाहीत, मनगटात धागा नाही. जंतुसंसर्गाचा प्रश्न आहे आणि तो नियम मला पूर्ण पटतो. सूट एकच, लग्नाची साधी, बिनखड्याची अंगठी. मिरजेला नर्सिंग शिकून आलेली मी पहिल्या दिवशी बांगड्या उतरवून कपाटात ठेवल्या, अंगठी बोटात राहिली, आणि कितीतरी वर्षं मला त्यात विचार करण्यासारखं काही दिसलं नाही. मग एकदा हात धुताना मनात आलं, ह्या अंगठीत ख्रिस्ती काय आहे? उधळ्या पुत्राच्या बोटात बापाने अंगठी घातली खरी, पण ती लग्नाची नव्हे. लग्नाची अंगठी बायबलमध्ये नाही. ती आली रोमन लोकांकडून, आणि ते मूर्तिपूजकच होते.

मी थोडं वाचलं, तर हा वाद इथे होऊन गेलेला. १६०३ मध्ये पहिला जेम्स इंग्लंडच्या गादीवर आला, तेव्हा प्युरिटन, म्हणजे चर्च आणखी शुद्ध करू पाहणाऱ्या पाळकांनी त्याला एक अर्ज दिला. आमच्यामागे हजार पाळक आहेत असा त्यांचा दावा होता. त्यांनी काढून टाका म्हणून सांगितलेल्या गोष्टींत लग्नातली अंगठी होती. पुढे १६४७ मध्ये इथल्या पार्लमेंटने नाताळचा सणच बंद केला. ती माणसं खोटी नव्हती. दादासारखीच देवाला भिणारी होती, शुद्धतेसाठी तळमळणारी होती. तरी अंगठी राहिली, आणि दोनशे वर्षांनी मिशनऱ्यांबरोबर ती आमच्या नगर जिल्ह्यात आली तेव्हा इतकी 'ख्रिस्ती' झालेली होती की आमच्या पूर्वजांपैकी कुणी तिची चौकशी केली नाही. चौकशी झाली ती हळदीची.

पंडिता रमाबाईंना हे सगळं ह्याच देशात सोसावं लागलं. १८८३ मध्ये वाँटेजला त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यानंतरही त्या शाकाहारी राहिल्या, तर तिथल्या सिस्टरांना त्यात जातीचा अहंकार उरलेला दिसला. गळ्यातल्या क्रूसावर लॅटिन अक्षरं होती. रमाबाईंना ती संस्कृत हवी होती. लॅटिन आपल्या भाषेपेक्षा पवित्र का, असा त्यांचा सवाल होता. परक्या देशात, दुसऱ्यांच्या आधारावर राहणाऱ्या तरुण विधवेने हे विचारायला काय लागलं असेल, ते मला आज थोडंफार कळतं. ख्रिस्तावर त्यांनी आयुष्य ओवाळून टाकलं, केडगावला मुक्ती मिशन उभं केलं, हिब्रू आणि ग्रीकवरून बायबल मराठीत आणलं. ताटातली भाजी त्या श्रद्धेच्या आड आली नाही.

हा वाद आपल्याकडेही नवा नाही. १७३६ मध्ये गोव्याच्या इन्क्विझिशनने, म्हणजे चर्चच्या धर्मन्यायालयाने, फर्मान काढून तिथल्या ख्रिस्ती लोकांच्या लग्नातल्या ओव्या, अंगाला लेप लावणं, असल्या किती तरी रीतींवर बंदी घातली. आज गोव्यात जा, लग्नाच्या आदल्या दिवशी नवरीच्या अंगाला नारळाच्या दुधाचा रोस लागतोच. आणि त्या फर्मानाच्या शंभरावर वर्षं आधी, १६१६ मध्ये, त्याच गोव्यात फादर स्टीफन्स नावाच्या एका इंग्रज जेझुइट पाद्र्याने ख्रिस्ताची कथा मराठी ओवीत छापली होती. एका इंग्रजाला ओवी ख्रिस्ताच्या योग्यतेची वाटली.

पण इतिहासाने दादाचं समाधान होणार नाही, आणि होऊही नये. तो शास्त्राचा माणूस आहे, त्याला शास्त्रातूनच उत्तर द्यायला हवं. म्हणून मी नामानाकडे जाते.

राजांच्या दुसऱ्या पुस्तकाचा पाचवा अध्याय संडे स्कूलमध्ये आम्हाला नेहमी अर्धाच शिकवत. अरामाचा सेनापती नामान कोडी होता. इस्राएलातून धरून आणलेली एक लहान मुलगी त्याच्या बायकोची दासी होती; ती म्हणाली, धनी शोमरोनातल्या संदेष्ट्याकडे गेले तर बरे होतील. अलीशाने सांगितलं, यार्देनेत सात वेळा बुडी मार. नामान रागावला, दिमिष्काच्या अबाना आणि परपर नद्या काय वाईट आहेत? चाकरांनी समजावलं, त्याने बुड्या मारल्या आणि त्याची कातडी लहान मुलासारखी झाली. इथे बाई पुस्तक मिटायच्या आणि आम्ही गाणं म्हणायचो.

इंग्लंडात आल्यावर मी तो अध्याय पुढे वाचला. घराच्या आठवणीने झोप येत नसे तेव्हा. आधी मला त्या मुलीने धरलं. तिचं नावसुद्धा लिहिलेलं नाही. परक्या मुलखात, परक्यांच्या घरी, आजारी माणसाभोवती काम करणारी ती. तिला पळवून आणणाऱ्यांच्या बऱ्या होण्याची इच्छा तिने धरली. हे मला परदेशी नर्सच्या कामाचं सगळ्यात खरं वर्णन वाटतं, फरक इतकाच की मी माझ्या पायांनी आले.

मग नामान. बरा झाल्यावर तो अलीशाकडे दोन गोष्टी मागतो. एक, दोन खेचरांवर लादता येईल इतकी ह्या देशातली माती, कारण आता तो परमेश्वराशिवाय कुणाला होमबली वाहणार नाही. दुसरी मागणी अवघड आहे. माझा राजा रिम्मोन दैवताच्या मंदिरात जातो, तो म्हणतो, आणि माझ्या हातावर टेकतो. तेव्हा मलाही वाकावं लागतं. ह्या एका बाबतीत परमेश्वर मला क्षमा करो.

लक्षात घ्या, इथे हळदीचा प्रश्न नाही, सरळ मंदिराचा आहे, वाकण्याचा आहे. आणि अलीशा कोण? कर्मेलावर बआलाच्या संदेष्ट्यांशी झुंजलेल्या एलीयाचा चेला. तो तडजोड शिकवणारा माणूस नव्हे. तो नामानाला ओरडत नाही, सेनापतिपद सोड म्हणत नाही, नियम घालून देत नाही. 'वाकलास तरी चालेल' असंही म्हणत नाही. दोनच शब्द बोलतो, शांतीने जा. घरी जाणाऱ्या नव्या विश्वासणाऱ्याला त्याने देवाच्या हाती सोपवलं. नासरेथच्या सभास्थानात येशूने ह्याच परक्या नामानाचं नाव घेतलं, तेव्हा गावातली देवभिरू माणसं त्याला कड्यावरून लोटायला निघाली होती, हे लूक सांगतो.

दादा बाबेलात बंदी म्हणून नेलेल्या दानीएलाचं नाव घेईल, आणि घ्यावंच. दानीएलाने राजाचं अन्न नाकारलं. पण त्याच अध्यायात त्याने खास्दी लोकांची भाषा आणि विद्या शिकून घेतली, त्यांच्या राजाच्या चाकरीत तो राहिला, आणि बेल्टशस्सर हे नाव स्वीकारलं, ज्यात राजा नबुखद्नेस्सर स्वतःच म्हणतो त्याप्रमाणे त्याच्या दैवताचं नाव आहे. मूर्तीचं नाव अंगावर वागवत दानीएल यरुशलेमेकडची खिडकी उघडून दिवसातून तीनदा गुडघे टेकत होता. प्रार्थना करू नकोस म्हटलं तेव्हा सिंहांच्या गुहेत गेला. रेघ त्यानेही ओढली होती. आपण तीच रेघ नवरीच्या गालावरच्या हळदीतून ओढतो आहोत, हे माझं म्हणणं आहे.

मूर्तीपुढे ठेवलेल्या प्रसादाबद्दल मात्र मी असं सहज म्हणणार नाही. तिथे प्रेषित पौल दोन्हीकडून बोलतो. मूर्ती काहीच नाही हेही तोच म्हणतो आणि प्रभूचा प्याला व भुतांचा प्याला दोन्ही पिता येणार नाहीत हेही तोच म्हणतो. यरुशलेमेच्या मंडळीनेही मूर्तींना वाहिलेल्या अन्नापासून दूर राहा असंच कळवलं होतं. मी ते वचन पुसून टाकू शकत नाही. पण ह्या गाठीचं उत्तर मला लहानपणी शेजारच्या काकूंनी दिलेलं आहे. गणपतीत त्यांच्याकडे उकडीचे मोदक व्हायचे. नैवेद्य दाखवायच्या आधी त्या स्वयंपाकघरातूनच सात मोदक वेगळे काढून आमच्याकडे पाठवत. 'हे देवापुढे ठेवलेले नाहीत हो, निर्धास्त खा.' बाबांनी कधी मागितलं नव्हतं, काकूंनी पौलाचं पत्र वाचलेलं नव्हतं. आमच्या मनाला टोचणी लागू नये एवढंच त्यांना कळत होतं. नाताळात आई त्यांच्यासाठी करंज्या करायची, त्यांच्या उपासाचा वार बघून पाठवायची.

ब्रॅडफर्डला मी तेच शिकलेलं वापरते. वॉर्डात केक न्यायचा तर जिलेटिन आणि मद्यार्क नसलेला करते. ईदला मैत्रिणी माझ्या टेबलावर शेवया ठेवून जातात. दुसऱ्याचा विवेक जपणं म्हणजे काय, हे पौलाने मांसाबद्दल लिहिलंय: माझ्या खाण्याने भावाला अडखळण होत असेल तर मी मांस कधीच खाणार नाही.

आणि इथेच मला स्वतःलाही थांबावं लागतं, कारण हे वचन माझ्याही विरुद्ध जातं. हळदीने दादाला खरोखर अडखळण होत असेल तर? तो गावात राहतो. चार घरं आमची, बाकी गाव दुसरं. तिथे एका बाजूने 'तुमचा धर्म परका' हे ऐकायचं, दुसऱ्या बाजूने 'तुम्ही पुरते बदललाच नाहीत' हे ऐकायचं. मी इथे काय घालते, काय खाते, कुणी विचारत नाही. बहुतेकांना त्याची पर्वाच नाही. बेपर्वाईतून मिळालेल्या मोकळीकीवर बसून गावातल्या माणसाला उदार हो म्हणणं सोपं आहे. दादाच्या हट्टात निदान हा विचार आहे की देवाला आपल्या लग्नाशी, आपल्या अंगावरच्या लेपाशी देणंघेणं आहे. वॉर्डात किती तरी मरणारी माणसं मी पाहिली, ज्यांच्या बोटात अंगठी होती आणि शेवटच्या रात्री म्हणायला एक ओळ प्रार्थना नव्हती. दादाच्या घरी रोज पहाटे प्रार्थना होते. मी त्याच्याशी वाद घालते तेव्हा हे विसरायचं नाही असं मी ठरवलंय.

पण अडखळण आणि सक्ती ह्यांत फरक आहे. पौलाने स्वतःचं मांस सोडलं. दुसऱ्याच्या ताटातलं उचललं नाही. रोमकरांस पत्रात तो दोन्ही बाजूंना सांगतो, खाणाऱ्याने न खाणाऱ्याला तुच्छ मानू नये, न खाणाऱ्याने खाणाऱ्याला दोष लावू नये. दादाला हळद लावून घ्यायची नसेल तर त्याच्या कपाळाला कुणी बोट लावणार नाही. त्याने मात्र आईचे हळद लावणारे हात अशुद्ध ठरवू नयेत. त्याची स्वतःची आई लवकर गेली तेव्हापासून तापात त्याच्या कपाळावर थंड पट्ट्या ठेवल्या त्या ह्याच हातांनी.

मी त्याला फोन केला. वचनं पाठवली नाहीत. म्हटलं, दादा, हळदीच्या आधी प्रार्थना तू कर. ती झाली की हवं तर उठून जा, कुणी काही म्हणणार नाही. तो बराच वेळ काही बोलला नाही. मग विचारलं, तुला रजा मिळाली का? मिळाली म्हटलं. विचार करून सांगतो म्हणाला.

त्याने अजून काही कळवलेलं नाही. आईने काल हळकुंडं उन्हात टाकली.