लॅपटॉप ट्रेमध्ये, पॉवर बँक हाताशी : एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला. दुसऱ्यांदा वाचताना तुमचं म्हणणं नीट कळलं, आणि एका मुद्द्यावर तर मला कान पकडावे लागले. त्यामुळे नुसते आभार मानून सुटण्यापेक्षा सविस्तरच लिहिते.

मूळ लेख ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: विमानतळाच्या तपासणीतून लॅपटॉप, कॅमेरा, चार्जर, पॉवर बँक कशी न्यावी यावर मी लिहिलं होतं. त्यावर तुमचे चार आक्षेप. लॅपटॉप बाहेर काढायला लावणं हे 'लोकांना सुरक्षित वाटावं म्हणून केलेलं नाटक' आहे आणि मी त्याची जाहिरात करतेय. दुसरा, 'वस्तू धोक्याची असेल तर ती माझ्यासोबत विमानात कशी चालते? आणि नसेल तर ट्रेमध्ये कशाला मागता?' तिसरा, पॉवर बँकेचं माझं गणित चुकलंय. चौथा, कॅमेऱ्याच्या रोलबद्दल मी लिहिलेलं 'वीस वर्षांपूर्वीचं ज्ञान' आहे.

चौथ्यापासून सुरुवात करते, कारण तिथे तुमचंच बरोबर आहे.

800 आयएसओच्या (रोलची प्रकाश टिपण्याची क्षमता) खालचा रोल हँडबॅगेतून बिनधास्त न्या, असं मी लिहिलं होतं. जुन्या एक्स-रे यंत्रांपुरतं ते ठीक होतं. नवी यंत्रं सीटी स्कॅनची आहेत. त्यात किरणांचा स्रोत बॅगेभोवती गरागरा फिरतो आणि अनेक बाजूंनी प्रतिमा घेतो, म्हणून रोलवर पडणारा मारा कितीतरी जास्त. एका फेरीतही रोल धुरकटू शकतो. शिवाय रोल काही विसरत नाही. आज बसलेला थोडा मार, परतीच्या प्रवासातला आणखी थोडा, असं सगळं साठत जातं. शिशाच्या पिशवीत घालून पाहिला तर पडद्यावर काळा ठिपका दिसतो आणि बॅग हमखास बाजूला निघते. चेक-इनच्या सामानात टाकणं म्हणजे आगीतून फुफाट्यात, कारण तिथली यंत्रं आणखी कडक. रोल खोक्यातून काढून पारदर्शक पिशवीत ठेवायचे, रांगेत पुढे जाण्याआधीच दाखवायचे आणि 'हाताने तपासा' म्हणून विनंती करायची, हाच मार्ग. मेमरी कार्ड, हार्ड डिस्क, फोन यांना मात्र दोन्ही यंत्रांनी काही होत नाही. तेवढं माझं वाक्य शाबूत.

आता गणित. तुम्ही म्हणता, पॉवर बँक 5 व्होल्ट देते, तर तिची ऊर्जा वॉट-अवरमध्ये काढायला एमएएचला (मिलिअँपिअर-अवर, बँकेवर छापलेली क्षमता) 5 ने गुणायला हवं, 3.7 ने नाही. इथे मात्र मी माघार घेणार नाही. खोक्यावर मोठ्या अक्षरात छापलेला आकडा आतल्या सेलचा असतो आणि लिथियम-आयन सेलचा व्होल्टेज साधारण 3.6 किंवा 3.7 असतो. तो 5 पर्यंत चढवण्याचं काम आतली सर्किट करते. म्हणून 20000 एमएएच म्हणजे 20 अँपिअर-अवर गुणिले 3.7, म्हणजे 74 वॉट-अवर. तुमच्या हिशेबाने हीच बँक 100 वर जाऊन बसते. विमानात 100 वॉट-अवर ही नेहमीची मर्यादा, त्यापुढे 160 पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते आणि 160 च्या वर प्रवाशाला नेताच येत नाही. बाजारात 26800 किंवा 27000 चे आकडे एवढे का दिसतात ते यातून कळेल: 27 गुणिले 3.7 केलं की 99.9 येतात. बनवणाऱ्यांनी कुंपणाला पाठ लावून माल तयार केलाय.

पण 'तुमच्या गणिताच्या भरवशावर लोक अडकतील' हे तुमचं वाक्य मला बोचलं, कारण मी स्वतः अडकलेय. कोणत्या विमानतळावर ते जाऊ द्या. माझी जुनी पॉवर बँक, वर्षानुवर्षं बॅगेत घासून मागचं छापील गायब झालेलं. अधिकारी बाईंनी ती दिव्याखाली तिरकी धरली, अंगठ्याने पुसली, पुन्हा तिरकी धरली. एक 'एमए' आणि अर्धा शून्य एवढंच उरलं होतं. मी उत्साहाने तोंडी गुणाकार सुरू केला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि बँक शेजारच्या प्लास्टिकच्या खोक्यात टाकली. तिथे आधीच सात-आठ पडल्या होत्या. गणित बरोबर असून उपयोग नाही, आकडा वाचता आला पाहिजे. तेव्हापासून नव्या बँकेवरच्या छापील भागावर पारदर्शक चिकटपट्टी लावते.

आता मुख्य वाद. धोक्याची असेल तर विमानात कशी, नसेल तर ट्रेमध्ये कशाला? तुमचा सगळ्यात चांगला प्रश्न हाच, आणि माझ्या लेखात त्याचं उत्तर नव्हतं. गोम अशी की इथे दोन वेगवेगळ्या भीती आहेत आणि आपण वडाची साल पिंपळाला लावतोय. एक भीती, वस्तूच्या आत कुणी काही लपवलं असेल तर? दुसरी, वस्तूत काहीही लपवलेलं नसताना तिची बॅटरीच पेटली तर? ट्रे पहिल्या भीतीसाठी आहे. 'पॉवर बँक चेक-इनमध्ये नको' हे दुसऱ्या भीतीसाठी. रांगेत दोन्ही सूचना एकाच माणसाच्या तोंडून, एकाच सुरात येतात, म्हणून त्या एकाच नियमाची दोन टोकं वाटतात आणि एकमेकांच्या विरुद्ध दिसतात.

पहिली भीती हवेतली नाही. 23 जून 1985 ला जपानच्या नारिता विमानतळावर सामानात स्फोट होऊन सामान हाताळणारे दोघे गेले. बॉम्ब स्टिरिओ ट्यूनरमध्ये होता. त्याच दिवशी एअर इंडियाचं 182 क्रमांकाचं विमान स्फोटाने समुद्रात कोसळून 329 माणसं गेली. 21 डिसेंबर 1988 ला स्कॉटलंडमधल्या लॉकरबीवर पॅन अ‍ॅम या अमेरिकी कंपनीचं विमान फुटलं, 270 बळी. तिथे बॉम्ब रेडिओ-कॅसेट प्लेअरमध्ये होता. फेब्रुवारी 2016 मध्ये सोमालियातल्या मोगादिशूहून निघालेल्या दालो एअरलाइन्सच्या विमानात लॅपटॉपमधला बॉम्ब फुटला. भगदाड पडलं, पण बॉम्ब आणणाराच तेवढा मेला आणि विमान परत उतरलं. विजेवर चालणाऱ्या वस्तूत तारा, बॅटरी, सर्किट सगळं आधीच असतं. लपवणाऱ्याला ते सोयीचं आणि शोधणाऱ्याला तेवढंच गैरसोयीचं.

'पण माझा लॅपटॉप बॅगेत राहिला तर काय बिघडतं?' हे मला एकदा डोळ्यांनी दिसलं. पट्ट्याच्या टोकाशी बॅगेची वाट बघत उभी होते आणि तिथून पडद्याची कड तिरकी दिसत होती. त्या यंत्रांत रंगांची भाषा असते: कागद, कापड, खाणं, साबण असल्या सेंद्रिय गोष्टी नारिंगी, जड धातू निळे, मधलं सगळं हिरवट, आणि किरण आरपार जाऊच शकले नाहीत तर काळं. माझी वही नारिंगी, चष्म्याचं घर हिरवट. मधोमध लॅपटॉप, त्याच्या खाली चार्जरचा ठोकळा, त्याखाली हार्ड डिस्क, वरून वेटोळं केलेल्या तीन वायरी. ते चारही मिळून एक काळपट निळा चौकोन झाला होता, त्यातून शेपट्या बाहेर आलेल्या. ती बॅग माझी आहे हे माहीत असूनही मला ती आवडली नाही. पट्टा थांबला, मागे गेला, पुन्हा पुढे आला. 'हा काळा भाग काय?' एवढाच पडद्यासमोरच्या माणसाचा प्रश्न होता आणि त्याचं उत्तर प्रतिमेत नव्हतं. लॅपटॉप वेगळ्या ट्रेमध्ये गेला की दोन्ही प्रतिमा वाचता येतात. नाटक असेल तर त्याला एवढं कथानक आहे.

सीटी यंत्रात हा प्रश्न बराचसा मिटतो. तिथे पडद्यावरची बॅग फिरवून बघता येते, लॅपटॉपमागे काय आहे ते वेगळं काढता येतं. म्हणून काही ठिकाणी 'काही काढू नका' म्हणतात, काही ठिकाणी 'सगळं काढा', आणि कधी एकाच विमानतळावर दोन शेजारच्या रांगांत दोन वेगळ्या सूचना. तुम्ही याला मनमानी म्हणालात. बहुतेक वेळा फरक यंत्राचा असतो. (रोलवाल्यांनी उलटं लक्षात ठेवायचं: जिथे लॅपटॉप काढायला सांगत नाहीत, तिथेच रोलला जास्त धोका.)

काही गोष्टींत तुमच्या 'नाटक' शब्दाला मी अर्धे गुण देईन. वस्तू चालू करून दाखवायला लावणं ही त्यातली एक. अमेरिकेने जुलै 2014 मध्ये काही परदेशी विमानतळांवरून येणाऱ्या प्रवाशांना ते सक्तीचं केलं. तर्क असा की बॅटरीच्या जागी दुसरं काही भरलं असेल तर पडदा उजळणार नाही. मला ही परीक्षा कच्ची वाटते. पण कच्ची असली तरी नापास आपण होतो, तेव्हा फोन-लॅपटॉप थोडा तरी चार्ज ठेवा. लॅपटॉपवर कापडाची पट्टी फिरवून यंत्रात घालतात ते मात्र नाटक नाही. ते स्फोटकांचे अतिसूक्ष्म कण शोधणारं यंत्र आहे. ग्लिसरीन असलेल्या हाताच्या क्रीमनेही ते कधीकधी ओरडतं, म्हणून रांगेत उभं राहून हाताला क्रीम चोपडू नये.

दुसरी भीती आगीची. लिथियम बॅटरीचा एक सेल बिघडून तापला की त्याच्या उष्णतेने शेजारचा तापतो, मग त्याच्या शेजारचा. सामानाच्या कप्प्यात आग विझवायला हॅलॉन वायू असतो. तो ज्वाळा दाबतो, पण ही आतली साखळी थंड करत नाही. केबिनमध्ये निदान धूर कुणाला तरी दिसतो आणि वर पाणी ओतता येतं. म्हणून सुट्या बॅटऱ्या आणि पॉवर बँका आपल्याजवळ. यात आपल्यावर संशय नाही, उलट आपल्याला पहारेकरी नेमलंय.

या दोन भीती एकमेकींवर आदळल्या त्या 2017 मध्ये. मार्चमध्ये अमेरिकेने मध्यपूर्व आणि उत्तर आफ्रिकेतल्या 8 देशांच्या 10 विमानतळांवरून येणाऱ्या विमानांत फोनपेक्षा मोठी उपकरणं केबिनमध्ये आणायला बंदी घातली. सगळे लॅपटॉप पोटात, म्हणजे सामानाच्या कप्प्यात. बॉम्बची भीती असलेल्यांचं समाधान झालं आणि आगीची भीती असलेले धास्तावले. जुलैपर्यंत ही बंदी उठली. त्याच वर्षी अमेरिकेच्या विमान वाहतूक प्रशासनाने केलेल्या चाचण्यांचा अहवाल आला. एका चाचणीत सूटकेसमध्ये लॅपटॉपला ड्राय शॅम्पूचा स्प्रे बांधून बॅटरी तापवली होती. आग जवळजवळ लगेच लागली आणि 40 सेकंदांच्या आत स्फोट झाला. शॅम्पू आणि लॅपटॉप, म्हणजे कुणाच्याही सूटकेसमध्ये सापडेल असा जोड. आता हा प्रसंग तुमच्या प्रश्नाशेजारी ठेवून बघा. 'धोक्याची की बिनधोक्याची' याचं एकच उत्तर असतं, तर सरकारलाही असा गोंधळ घालावा लागला नसता.

जवळ ठेवलं म्हणजे झालं असंही नाही. 28 जानेवारी 2025 ला दक्षिण कोरियात एअर बुसानचं विमान उड्डाणाआधीच पेटलं. 176 जण बाहेर पडले. आग डोक्यावरच्या कप्प्यात सुरू झाली होती आणि तपासात बोट पॉवर बँकेकडे गेलं. 1 मार्चपासून कोरियाने पॉवर बँक वरच्या कप्प्यात ठेवायला मनाई केली. सिंगापूर एअरलाइन्सने एप्रिलपासून विमानात ती वापरणंच बंद केलं, एमिरेट्सने ऑक्टोबरपासून. पॉवर बँक समोरच्या सीटच्या खिशात ठेवा, नजरेसमोर.

मीही एकदा हे शिकले, विमानात नव्हे, जिन्यावर. कॅमेऱ्याची सुटी बॅटरी जीन्सच्या खिशात, सोबत किल्ल्या. मांडीला काहीतरी भाजतंय म्हणून हात घातला तर किल्ली बॅटरीच्या दोन टोकांवर आडवी बसलेली. तेव्हापासून प्रत्येक सुट्या बॅटरीला स्वतःचं झाकण, आणि झाकण हरवलं असेल तर टोकांवर चिकटपट्टी.

शेवटची गोष्ट तुम्ही विचारली नव्हती, पण तुमच्या दुसऱ्या आक्षेपाचं उत्तर लिहिताना लक्षात आली. विमान भरलेलं असलं की दारात हँडबॅग काढून घेतात आणि खाली सामानात टाकतात. घाईत आपण बॅग देऊन मोकळे होतो, आणि सगळ्या तपासण्यांतून नीट आणलेली पॉवर बँक नेमकी जिथे जायला नको तिथे जाते. बॅग हातातून सोडण्याआधी पॉवर बँक, सुट्या बॅटऱ्या आणि ई-सिगारेट असेल तर तीसुद्धा काढून घ्यायची. सापडायला सोपं जावं म्हणून मी हे सगळं एका छोट्या पाऊचमध्ये, बॅगेच्या सगळ्यात वरच्या कप्प्यात ठेवते. मूळ लेखात हे नव्हतंच. आज घातलंय, रोलबद्दलच्या दुरुस्तीसकट. जुनं वाक्य खोडून तसंच दिसेल असं ठेवलंय, म्हणजे तुमची प्रतिक्रिया वाचणाऱ्याला ती कशाबद्दल होती ते कळेल.