खर्ज-नर की नर-नर?

पहिली पेटी, म्हणजे हार्मोनियम, घेताना काही त्रास झाला नव्हता. एकेरी सुरांची (पट्टीमागे एकच सूर, म्हणजे आत वाजणारी पितळी पाती), हलकी, ‘पोरगी क्लासला टिकली तर पुढचं बघू’ या बोलीवर घेतलेली. पोरगी टिकली नाही. मी टिकलो.

आता आमच्या पेटी शिकवणाऱ्या बाई म्हणतात, “अहो, या पेटीत जीव नाही. दुहेरी सुरांची घ्या.” बायकोने ३० हजारांची मर्यादा आखून दिली आणि मी मधल्या किमतीच्या पेट्यांत शिरलो. इथे सगळं मिळतं, फक्त एकाच पेटीत मिळत नाही.

पुण्यातल्या पहिल्याच दुकानात मालकांनी विचारलं, “साहेब, खर्ज-नर देऊ की नर-नर?” बायको माझ्याकडे बघायला लागली. खर्ज-नर म्हणजे एका पट्टीला दोन सूर, त्यातला एक सप्तकभर खालचा, त्यामुळे आवाज भरदार; नर-नर म्हणजे दोन्ही एकाच उंचीचे. हे मी तिला घाईघाईने समजावलं. मग सुरांचं गाव निघालं. गुजरातमधल्या पालिताण्याचे घ्या, नाहीतर जुने जर्मन. जर्मन सुरांचा ‘शेवटचा सेट’ पुढे प्रत्येक दुकानात एकेक उरलेला होता.

स्केल चेंजरवर मात्र माझा जीव जडला. आमचं भजनी मंडळ काळी एकच्या सुरात सुरू होतं आणि दुसऱ्या अभंगाला कुठे पोचेल ते पांडुरंगालाच ठाऊक. अशा वेळी पट्ट्यांची अख्खी रांग सरकवायची आणि बोटं होती तशीच चालवायची, याहून मोठं सुख कोणतं? बाईंना फोन केला. “बोटं सरकवायला शिका,” एवढंच म्हणाल्या. शिवाय ते धूड उचलायला दोन माणसं लागतात, आणि आमच्या मंडळात सगळ्यांच्या कमरेला पट्टे आहेत.

राहता राहिली परीक्षा. भात्याने हवा भरायची, एक पट्टी दाबून धरायची आणि सूर किती टिकतो ते मनात मोजायचं. लवकर विझला तर हवा कुठूनतरी गळतेय. मग अगदी मंद हवेवर एकेक पट्टी दाबत जायचं, कारण जोरात भाता मारला की आळशी सूरसुद्धा बोलतो. साडेतीन सप्तकं, ४२ पट्ट्या. मंद्रातला, म्हणजे खालच्या सप्तकातला, धैवत हाक मारल्यावर आमची मुलगी उठते तसा उठत होता. मालक म्हणाले, “वाजता वाजता मोकळा होईल.” मी ती पेटी बाजूला ठेवली.

पण या धंद्यातली खरी मेख वेगळीच आहे. मालक स्वतः उत्तम वाजवतात. त्यांच्या हाताखाली प्रत्येक पेटी मैफलीची वाटते आणि माझ्या हाताखाली प्रत्येक पेटी माझ्या जुन्या पेटीसारखी. त्यामुळे दोन पेट्यांतला फरक ऐकायचा तरी कुणाच्या हातून?

शेवटी खर्ज-नर, पालिताण्याचे सूर, कपलर (एक पट्टी दाबली की सप्तकापलीकडची जोडीदारही वाजवणारा) हवा, स्केल चेंजर नको, असं ठरलं. दोन हजार वर गेले. ते बायकोला पेटीच्या खोक्याचे म्हणून सांगितले.

पेटी वर नेताना लिफ्टमध्ये खालच्या मजल्यावरचे काका भेटले. त्यांचा चेहरा पाहून मी विषय जरा इतिहासाकडे वळवला. म्हटलं, “काका, या वाद्याने फार सोसलंय. मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं, निघत नाही म्हणून आकाशवाणीने १९४० साली पेटीवर बंदी घातली. ती सैल व्हायला १९७१ उजाडलं!”

काकांनी क्षणभर विचार केला.

“सैल कशाला केली?”