अंड्यांच्या ट्रेवर आवाजाचा भार टाकू नये

भिंतींना अंड्यांचे पुठ्ठ्याचे ट्रे चिकटवले की खोली साउंडप्रूफ होते, खळग्यांत आवाज अडकून घुमणे थांबते, बास (खालचे, जाड स्वर) सुधारतो आणि हे सारे जवळजवळ फुकटात होते, असे सांगणारा संदेश सध्या बराच फिरतो आहे.

पहिला दावा तर सरळ चुकीचा आहे. शेजारी जाणारा आवाज अडतो तो भिंतीच्या वजनामुळे आणि फटी बुजवल्यामुळे. भिंतीचे वजन दुप्पट केले, तर साधारण 6 डेसिबलचा फरक पडतो. विटांच्या भिंतीवर काही ग्रॅम पुठ्ठ्याने कसली भर पडणार? त्यापेक्षा दाराखालच्या फटीला रबरी पट्टी लावावी.

घुमण्याबाबतच्या दाव्यात थोडे तथ्य आहे, आणि म्हणूनच तो फसवा आहे. एका मित्राने असे ट्रे लावले, तेव्हा टाळीमागून येणारी झणझण खरोखरच कमी झाली. परंतु गायिकेचा आवाज मलूल झाला आणि डग्गा पूर्वीइतकाच घुमत राहिला, कारण पातळ पुठ्ठा केवळ वरच्या कंपनसंख्यांचा थोडा आवाज शोषतो आणि खालच्यांना हातही लावत नाही. महत्त्व खळग्यांच्या आकाराला नसून पदार्थाच्या सच्छिद्रतेला, जाडीला आणि क्षेत्रफळाला आहे. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ वॉलेस सॅबिन यांनी 1895 मध्ये हार्वर्डच्या फॉग संग्रहालयातील व्याख्यानगृहाचा अभ्यास हाती घेतला, तेव्हा त्यांनी सँडर्स थिएटरमधल्या गाद्या आणून, किती गाद्यांनी घुमणे किती कमी होते याची मोजमापे केली होती. (आजीची जाड गोधडी भिंतीपासून थोडी सोडून टांगली, तरी ती या ट्रेंपेक्षा अधिक उपयोगी पडेल.)

बासचे गणित तर अगदी उघड आहे. 100 हर्ट्‌झच्या लहरीची लांबी सुमारे 3.4 मीटर, म्हणजे तिचा चतुर्थांशही 85 सेंटिमीटर भरतो. ट्रे जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर खोल; एवढ्या लांब लहरीपुढे ते काहीच नाही. बारा फूट लांबीच्या खोलीत 47 हर्ट्‌झच्या आसपासचा स्वर भिंतीलगत फुगतो आणि मधोमध जवळजवळ नाहीसा होतो. तसा एखादा स्वर सलग वाजवून खोलीत चालत गेल्यास हे कानालाच कळते. म्हणून आधी खुर्ची हलवावी: ती भिंतीला टेकलेली नको आणि नेमकी मध्यावरही नको. सबवूफर (फक्त खालच्या स्वरांचा स्पीकर) कोपऱ्यातून थोडा बाहेर ओढावा. त्यानंतर स्पीकर आणि खुर्ची यांच्यामधल्या बाजूच्या भिंतीवर कुणाला तरी आरसा सरकवायला सांगून, खुर्चीतून ज्या जागी स्पीकर दिसेल तिथे कापडात गुंडाळलेले चार इंची रॉकवूलचे (दगडी लोकरीचे) पॅनेल लावावे, आणि त्याहून जाड थर कोपऱ्यांत उभे करावेत.

राहिला फुकटपणा. पुठ्ठा पेट घेतो, आणि त्याच आकाराचा स्वस्त फोमही. 2003 मध्ये अमेरिकेत ऱ्होड आयलंडमधील द स्टेशन नाइटक्लबमध्ये भिंतींवरच्या पॉलियुरेथेन फोमने मंचावरील आतषबाजीच्या ठिणग्यांनी पेट घेतला आणि 100 माणसे दगावली. रॉकवूल दगड वितळवून बनवलेले असते. ते पेटत नाही.