आडवी बाटली

मुलाकडे परदेशी जाऊन आलेल्या माणसाने तिथली प्रेक्षणीय स्थळं सांगावीत, अशी लोकांची अपेक्षा असते. बर्लिनचं ब्रांडेनबुर्ग गेट मी पाहिलं. सव्वीस मीटर उंच आहे, वर चार घोड्यांचा रथ आहे. झालं. माझ्या मनावर खरा परिणाम केला तो चिरंजीवांच्या सिंकखाली मांडलेल्या पाच डब्यांनी.

कागद, ओलं, प्लास्टिक-पत्रा, काच आणि ‘बाकीचं’. पाटबंधारे खात्यात चौतीस वर्षं मी फायली योग्य कपाटात लावण्याचं काम केलंय, त्यामुळे सुरुवातीला मला आनंदच झाला. तो चहापर्यंत टिकला. चहा प्यायलो आणि ओली पिशवी हातात धरून डब्यांसमोर उभा राहिलो. आतली पूड ओल्यात, हे कळत होतं. पण दोरा? दोऱ्याच्या टोकाचा कागद? त्या कागदाला मारलेली पिन? पिशवीतून थेंब थेंब पाणी पायावर गळत होतं.

“बाबा, ती अख्खी ओल्यात टाका,” सूनबाई जाता जाता म्हणाली. वर्गात मागून कुणी उत्तर सांगावं तसं वाटलं.

आमच्याकडे साताऱ्याला घंटागाडीचं गाणं ऐकू आलं की ओला-सुका असे दोन डबे घेऊन धावायचं, विषय संपला. उरलेली रद्दी, बाटल्या वगैरे भंगारवाला नेतो, आणि त्याच्याशी घासाघीस करताना ही जितकी खुलते तितकी सणावारालाही खुलत नाही. इथे भंगारवाला नाही. इथे भंगारवाल्याचं मशीन आहे. त्या मशीनची आणि माझी गाठ पडायची होती, पण आधी रविवार आला.

रविवारी सकाळी लोणच्याची बरणी संपली. आम्हीच नेलेली, कैरीचं, तळाला नुसता खार उरलेला. रिकाम्या हाताला काम हवं म्हणून बरणी धुतली, झाकण पत्र्यात टाकलं (हे मी कुणालाही न विचारता केलं) आणि चार जिने उतरून मागच्या चौकात गेलो. जुनी इमारत, लिफ्ट नाही. चौकात काचेसाठी दोन मोठी पिंपं, एक पांढऱ्या काचेचं, एक रंगीत काचेचं. बरणी पांढरी. आपण हुशार. भोकातून सोडली.

चारी बाजूंनी पाच मजली भिंती, मधे मी, आणि आत ती बरणी फुटल्याचा आवाज. देवळातली घंटासुद्धा इतकी घुमत नाही. दुसऱ्या मजल्यावरची खिडकी उघडली. एक आजीबाई, केस पांढरेशुभ्र, हातात कॉफीचा मग. त्यांनी मला एक लांबलचक वाक्य ऐकवलं. त्यातला ‘झोनटाग’ म्हणजे रविवार एवढा एकच शब्द मला कळला. वाटलं, रविवारच्या शुभेच्छा देतायत. मी हात जोडून “डांके” म्हणालो, म्हणजे धन्यवाद. खिडकी धाडकन बंद झाली. त्या आवाजाला कुणी हरकत घेतली नाही, हे मी नोंदवून ठेवतो.

मुलाने कपाळाला हात लावला. रविवारी काच टाकायची नाही, भिंतीत ड्रिल मारायचं नाही, दुकानंही बंद. रविवार तिथे घटनेनेच राखून ठेवलाय. १९१९ सालच्या वायमार राज्यघटनेतलं ते कलम त्यांनी आजच्या घटनेतही जसंच्या तसं ठेवलंय. एका बरणीपायी मी जर्मनीच्या राज्यघटनेला धक्का लावून आलो होतो.

आता मशीन. नळाचं पाणी प्यायला उत्तम आहे असं मुलगा शपथेवर सांगत होता, पण हिचा परमुलखातल्या नळावर विश्वास नाही. म्हणून बाटल्या आणल्या. पहिल्या खेपेला आलं ते बुडबुड्यांचं पाणी. त्या पाण्यात हिने वरण लावलं आणि कुकरकडे संशयाने पाहत बसली. दुसऱ्या खेपेला बिनबुडबुड्यांच्या दीड लिटरच्या सहा बाटल्या आल्या. त्या संपल्यावर मी एकेक बाटली नीट पिळून, चुरडून, चपटी करून ठेवली. रेल्वेच्या पाण्याच्या बाटलीवर लिहिलेलंच असतं, वापरून झाल्यावर चुरडा. मी आयुष्यभर चुरडत आलोय.

“बाबा! प्फांड!” मुलगा ओरडला.

प्फांड म्हणजे बाटलीची अनामत. हा शब्द ओठ मिटून फुंकर मारल्यासारखा म्हणावा लागतो. एकदाच वापरायच्या प्लास्टिकच्या बाटलीमागे पंचवीस सेंट दुकानदार आधीच कापून घेतो आणि बाटली परत केली की देतो. २००३ पासून ही पद्धत आहे. बिअरच्या काचेच्या बाटलीला आठ सेंट. वाइनच्या बाटलीला काहीच नाही. दह्याच्या काही बरण्यांना पंधरा आणि लोणच्याच्या बरणीला शून्य. यामागचं तत्त्व मी विचारलं नाही. सहा बाटल्यांचा दीड युरो, म्हणजे युरोला शंभर धरले तरी दीडशे रुपये मी हाताने पिळून ठेवले होते.

“मशीन खूण वाचतं, बाबा. चपटी बाटली वाचता येत नाही.”

मग मी रविवारची संध्याकाळ बाटल्या फुगवण्यात घालवली. बाटलीला तोंड लावायचं आणि भस्त्रिका करायची. बाटली कडाडकन आवाज करत पोक काढून उभी राहायची. तिसऱ्या बाटलीला मला घेरी आली. ही म्हणाली, “अहो, आजीबाई ऐकतील.”

सोमवारी सुपरमार्केटात गेलो. जाताना सिग्नलला थांबलो. दोन्हीकडे रस्ता मोकळा, तरी सिग्नलमधला टोपीवाला लाल माणूस हात लांब करून पेटलाय म्हणून सगळे उभे. हा टोपीवाला पूर्व बर्लिनचा, भिंत पडली तरी तो राहिला. आमच्या पिशवीत मुलाच्या बिअरच्या रिकाम्या बाटल्याही होत्या आणि त्या किणकिणत होत्या. ही माझ्यापासून चार हात लांब उभी राहिली.

भिंतीत एक गोल भोक, त्यालाच मशीन म्हणतात. मी बाटली आत उभी करायला गेलो. मावेना. मागे रांग वाढायला लागली. तेवढ्यात ही पुढे झाली आणि म्हणाली, “आडवी घाला, आडवी!”

तिच्या माहेरच्या गावी दारूचं दुकान बंद करायला बायकांचं मतदान झालं होतं. मतपत्रिकेवर उभी बाटली म्हणजे दुकान चालू, आडवी बाटली म्हणजे बंद. ही तेव्हा महिनाभर माहेरी राहून आडव्या बाटलीचा प्रचार करून आली होती. तेव्हापासून बाटली आडवी करायचं तिला काही वाटत नाही. तिने बूड पुढे करून बाटली भोकात सारली. बाटली आत गोल गोल फिरली, काहीतरी वाचलं गेलं आणि खडखडत गडप झाली. पाटीवर ०,२५ आले. हिने विजयी मुद्रेने रांगेकडे पाहिलं. एका दाढीवाल्या पोराने तिला अंगठासुद्धा दाखवला.

माझी पोक काढलेली एक बाटली मशीनने तीनदा परत फेकली. चौथ्यांदा कंटाळून घेतली असावी. बेरीज दोन युरोवर गेली. आता फक्त बटण दाबून चिठ्ठी घ्यायची आणि ती गल्ल्यावर द्यायची. बटणं दोन होती. मी मोठं, छान चित्रवालं दाबलं. मशीनने काहीतरी गोड लिहिलं, हृदयाचं चित्र दाखवलं, आणि चिठ्ठी आलीच नाही.

संध्याकाळी मुलाने उलगडा केला. ते देणगीचं बटण. पैसे गरजूंच्या अन्नासाठी गेले.

“बरं झालं,” ही म्हणाली, “आज सोमवार. शंकराला पावलं.” पण त्यानंतर मशीनपाशी तिने मला पिशवी धरण्यापलीकडे काही करू दिलं नाही.

परतताना विमानतळावर सुरक्षा तपासणीआधी तिथलं पाणी गटागटा पिऊन संपवलं. बाटली टाकायला पिंप होतं, पण पंचवीस सेंट तिथे सोडायला हिचा जीव होईना. रिकामी बाटली न चुरडता, पर्समध्ये आडवी ठेवून, साताऱ्यापर्यंत आली. भंगारवाल्याला दाखवली तर तो म्हणाला, “एकच? किलोवर घेतो, काकू.”

सध्या तिच्यात मनी प्लांट लावलाय.