मावशीला कुणी विचारलं का?

आज डोकं फिरलंय, म्हणून लांबलचक लिहितेय. ऑक्टोबर आला की आपल्याकडं गुलाबी फुगे बांधून स्तनांच्या कॅन्सरची शिबिरं सुरू होतात. आज अंबाजोगाईजवळ असंच एक होतं, मॅमोग्राफीची, म्हणजे स्तनांचा एक्स-रे काढायची, व्हॅन आलेली. मावशीला तिचा लेक घेऊन आला. मावशी ७८ वर्षांची, हृदयात स्प्रिंग टाकलेली. टेबलावरच्या पोरीनं फॉर्म सरकवला आणि माझ्या मावसभावाला म्हणाली, "दादा, आजींचा अंगठा घ्या."

अंगठा! चौथी शिकलेली बाई, रोज पोथी वाचते. तिनं विचारलं, "बाई, कशाची तपासणी करायलेत?" तर उत्तर काय, "काही नाही आजी, नुसता फोटो काढायचाय."

नुसता फोटो म्हणे. छाती दोन प्लेटांमध्ये दाबून काढतात तो. त्यात डाग दिसला की पुन्हा फोटो, सोनोग्राफी, मग सुई घालून तुकडा काढायचा. बहुतेक वेळा शेवटी काहीच निघत नाही, पण तोवर घरादाराची झोप गेलेली असते. कधी खरंच गाठ निघते, पण इतकी संथ की ती बाई दुसऱ्याच कशानं तरी गेली असती. तरी ऑपरेशन होतंच. लवकर सापडल्याचा फायदा पदरात पडायला दहाएक वर्षं लागतात, त्रास मात्र पहिल्या आठवड्यापासून. हे मावशीला कोण सांगणार? अमेरिकेतली २०२४ची शिफारससुद्धा ४० ते ७४ वयाला दर दोन वर्षांनी मॅमोग्राफी करा म्हणते, ७५च्या पुढं फायदा की तोटा हे सांगायला पुरेसा पुरावा नाही म्हणते. आपल्या सरकारी कार्यक्रमात हातानं तपासणी आहे, तीही ३० ते ६५ वयाला. म्हणजे मावशी दोन्हीकडं बसत नाही आणि फॉर्मवर मात्र बसली!

हो, आपल्याकडच्या बायका गाठ पदराआड लपवतात आणि जखम झाल्यावर दवाखाना गाठतात. मान्य. शिबिरं बंद करा असं मी म्हणतच नाहीये. मुंबईत टाटा कॅन्सर हॉस्पिटलच्या डॉक्टरांनी दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविकांनी नुसत्या हातानं तपासलं, तर पन्नाशीपुढच्या बायकांमध्ये या कॅन्सरचे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी दिसले. तेव्हा पंचावन्न-साठीच्या काकू-आत्यांनो, तुम्ही टाळू नका. आणि गाठ लागली, बोंड आत ओढलं गेलं, रक्त आलं, तर वय ऐंशी असो की नव्वद, त्याच दिवशी निघा. तिथं विचार करत बसायचं नाही.

पण मावशीला काहीच होत नव्हतं. आणि भाऊ मला म्हणतो, "ताई, सांगून घाबरवायचं कशाला? तिला काय समजतंय?" अरे वा! शेत विकताना खरेदीखतावर तिची सही लागली, तेव्हा बरं समजत होतं तिला.

शेवटी मीच तिला सावलीला बसवून सगळं सांगितलं. घाबरली वगैरे काही नाही. शांतपणे ऐकलं आणि म्हणाली, "सापडलंच तर मला संभाजीनगरला कोण न्यायचं? स्प्रिंग टाकलेलीला ऑपरेशन झेपंल का?" दोन प्रश्न. त्या अख्ख्या फॉर्मवर यातला एकही नव्हता. मग म्हणाली, "आज नगं. हातानं बघू दे त्या बाईला, बाकीचं डॉक्टरला इचारून सांगते." उद्या ती हो म्हणाली तर मीच नेईन, माझी काही हरकत नाही.

टेबलावरच्या पोरीवर राग नाही माझा. लेकरू सकाळपासून उपाशी होतं, वरून इतक्या बायका तपासा म्हणून आकडा दिलेला असणार. राग आकडा देणाऱ्यांवर आहे.

पुढच्या रविवारी हीच व्हॅन शेजारच्या गावात जातेय. फॉर्मच्या टेबलाआधी खुर्ची टाकून मी बसणार, येणाऱ्या प्रत्येक आजीशी बोलणार, असं आयोजकांना फोनवर सांगितलंय. "बघू मॅडम," म्हणाले. बघू बिघू काही नाही. खुर्ची घरून नेतेय. सोबत कुणाला यायचंय ते खाली सांगा, दोघी असल्या तर बरं पडेल.