हळदीच्या व्हिडिओवरच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

ताई, नमस्कार. घरच्या कार्याचा व्हिडिओ तुमच्या मनासारखा झाला नाही, त्याबद्दल मनापासून दिलगीर आहोत. रिसेप्शनला पाहुण्यांसमोर हळदीचा भाग धूसर दिसला, माणसांची डोकी कापली गेली, चेहरे पिवळेधमक आले आणि आईबाबांच्या लग्नाच्या भागाला दोन्हीकडे काळ्या पट्ट्या राहिल्या, असं तुम्ही लिहिलंय. शेवटी ‘कलरच्या (म्हणजे शूटनंतर रंग सुधारण्याच्या कामाच्या) नावाखाली फसवणूक’ असंही लिहिलंय. बाकी सगळं ऐकून घेतलं असतं, पण यावर बोलावंच लागेल.

हळदीला आमचा कॅमेरा नव्हता. ऑर्डर लग्न आणि रिसेप्शनची होती. हळदीच्या क्लिप तुमच्या दादांनी रिसेप्शनच्या आदल्या रात्री व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवल्या, सगळ्या मोबाइल उभा धरून काढलेल्या. व्हॉट्सअ‍ॅपवर साधा पाठवला की फाइल लहान करायला व्हिडिओ दाबला जातो, बारकावे जातात. आमच्यापर्यंत पोचल्या त्या ४८० बाय ८४८ पिक्सेलच्या. लॉन्सवरचा स्क्रीन आडवा, रुंदी-उंची १६:९, म्हणजे १९२० बाय १०८० पिक्सेल. उभी क्लिप त्यात अख्खी बसवली तर जेमतेम एक तृतीयांश रुंदी भरते. आम्ही आधी तशीच लावून पाठवली होती. दादांचं उत्तर आलं, ‘पट्ट्या नकोत, स्क्रीन फुल भरा.’ फुल भरायचा म्हणजे ४८० ची रुंदी चौपट करून १९२० ला न्यायची आणि ८४८ च्या उंचीतली फक्त २७० ठेवायची. नवरीचा चेहरा धरला की हळद लावणाऱ्या आत्याबाईंचं डोकं जातं. रात्रभर एकेका शॉटची फ्रेम वर-खाली सरकवत बसलो होतो आम्ही. मूळ फाइल ड्राइव्हवर टाका, नाहीतर पेनड्राइव्ह आणून द्या, असं परत परत सांगितलं. ‘आहे त्यातच करा’ म्हणाले. चॅट आहे, पण ते इथे टाकणार नाही.

रंगाचंही तेच. मांडवाचं कापड पिवळं, बल्ब पिवळे, गालावर हळद. आमचा कॅमेरा १०-बिटमध्ये शूट करतो, प्रत्येक रंगाच्या १०२४ पायऱ्या मिळतात. या क्लिप ८-बिटच्या, म्हणजे २५६, आणि दाबताना त्यातलंही बरंच गेलेलं. पिवळा जरा खाली आणला की गालावर चौकोन उमटायला लागतात, म्हणून हात आवरता घेतला. आणि या भागाच्या कलरचे पैसे आम्ही लावलेलेच नाहीत, बिल काढून बघा.

आईबाबांची कॅसेट ४:३ ची. १०८० उंचीला ती १४४० रुंद होते, दोन्हीकडे २४० पिक्सेल मोकळे राहतात. ताणून भरली असती तर पट्ट्या गेल्या असत्या, पण आईंचा चेहरा फुगल्यासारखा दिसला असता. ते आम्ही कुणाच्याच आईवडिलांच्या बाबतीत करत नाही.

बाहेरून येणाऱ्या क्लिपबद्दल यापुढे आधीच नीट बोलून घेऊ. दादांच्या मोबाइलमध्ये मूळ क्लिप अजून असतील तर केबलने काढून पंचवटीतल्या दुकानावर आणून द्या, तो भाग पैसे न घेता नव्याने करून देतो. तुळशीच्या लग्नानंतर आमचा सीझन सुरू होतो आणि हल्ली लोक रिव्ह्यू वाचूनच फोन करतात. एक स्टार राहू द्या, पण ‘फसवणूक’ तेवढं काढा, ही विनंती.