३१५ नावं

परवा रिप्लीला जाऊन आलो. अमेरिकेतल्या ओहायो नदीकाठचं छोटंसं गाव, सिनसिनाटीहून गाडीने तास-सव्वा तास. समोरचा काठ केंटकीचा. यादवी युद्धाआधी त्या काठावर गुलामगिरी कायदेशीर होती, या काठावर नव्हती. मधे एवढंच पाणी, आणि तेव्हा तर पात्र याहून अरुंद होतं म्हणे.

गावामागच्या टेकडीवर रेव्हरंड जॉन रँकिन यांचं लाल विटांचं घर आहे. शंभर पायऱ्या चढताना माझा दम निघाला. या घरातला दिवा नदीपलीकडून दिसायचा. पलीकडून पळून आलेल्या गुलामाला आसरा द्यायचा आणि रँकिनांच्या मुलांनी रातोरात पुढच्या घरी पोचवायचं, हा इथला शिरस्ता. अशा घरांचं आता इतकं कौतुक आहे की तळघर असलेल्या जुन्या घराचा जो तो मालक 'आमच्याकडेही लपले होते' म्हणून सांगतो. आपल्याकडे नाही का, प्रत्येक वाड्यातून किल्ल्यापर्यंत भुयार जातं!

पण मी गेलो होतो जॉन पार्करसाठी. आठव्या वर्षी विकलेला, साखळीला बांधून पायी चालवलेला हा मुलगा. १८४५ मध्ये १,८०० डॉलर मोजून त्याने स्वतःलाच विकत घेतलं. मग रिप्लीत फौंड्री काढली. दिवसा ओतकाम, रात्री होडी घेऊन पलीकडे, गुलामांना आणायला. एका मालकाला संशय होता की आपलं गुलाम जोडपं पळणार, म्हणून तो त्यांचं तान्हं बाळ रात्री आपल्या पलंगाच्या पायथ्याशी ठेवायचा. पार्कर त्या खोलीत रांगत शिरला, बाळ उचललं आणि पळत सुटला. मागून गोळी आली. नदी पार झाली.

पार्कर एक वही ठेवायचा. त्याने पळायला मदत केलेल्या ३१५ जणांची नावं, तारखा, कुठून आले ते. पळालेल्या गुलामांबद्दलचा १८५० चा कायदा आला आणि मदत करणाऱ्याला १,००० डॉलर दंड, सहा महिने कैद अशी तरतूद झाली. ती वही म्हणजे घरात ठेवलेला पुरावाच. पार्करने ती स्वतःच्या फौंड्रीच्या कुपोलात, म्हणजे लोखंड वितळवायच्या भट्टीत टाकली.

माझं म्हणणं या वहीपाशी आहे. मदत करणाऱ्यांची स्मारकं जरूर व्हावीत, ती माणसं जिवावर उदार झाली होती. पण त्यांचं घर उरतं, नाव उरतं, म्हणून पाटी लावणं सोपं जातं. या साऱ्या जाळ्याला 'भूमिगत रेल्वे' म्हणायचे, आणि पळणाऱ्यांना 'प्रवासी'. जणू तिकीट काढून बसले होते! टेकडीवरचा दिवा दिसेपर्यंतची वाट त्यांनी एकट्याने, अंधारात, मागे कुत्रे असताना काटली होती. पार्करच्या घराबाहेर ३१५ कोऱ्या ओळींची पाटी लावावी, असं मला फार वाटलं.

आपल्या जोतीरावांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अर्पण केली ती अमेरिकेतल्या सत्पुरुषांना, गुलामांच्या मुक्तीसाठी झटल्याबद्दल. शाळेत ते वाचताना माझ्या डोळ्यांसमोर फक्त गोरे पाद्री आणि लिंकन यायचे. त्या अर्पणपत्रिकेत पार्करही बसतो, हे कळायला मला चाळिशी गाठावी लागली.

रात्री बाबांना फोन केला. ते शिरोलीच्या फौंड्रीत तीस वर्षं होते. म्हणाले, "कुपोलात गेलं ते गेलंच. पण एवढा धोका होता तर नावं लिहिली कशाला होती त्याने?"

पार्करचं मला सांगता येईना. मग फिलाडेल्फियाच्या विल्यम स्टिलचं सांगितलं. तोही पळून आलेल्यांना मदत करायचा आणि त्यांची माहिती टिपून ठेवायचा. १८५० मध्ये एक अनोळखी माणूस त्याच्या कचेरीत घरच्यांचा शोध घेत आला. आईबापांची नावं सांगू लागला. स्टिलच्याच आईबापांची नावं होती ती. लहानपणी मागे राहिलेला सख्खा भाऊ, पीटर, समोर बसला होता.

बाबा थोडा वेळ काही बोललेच नाहीत. मग म्हणाले, "त्याची वही कुठाय?"

म्हटलं, "ती राहिली. छापलीसुद्धा त्याने, १८७२ मध्ये."